मजल आणि मजला : चौकच्या जुन्या पेठेचे वाचन

मराठीत 'मजल' आणि 'मजला' हे दोन शब्द इतक्या वेगळ्या कामांना लागलेले आहेत की दोन्ही मुळात एकाच शब्दाची रूपे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. अरबी 'मंझिल' म्हणजे प्रवाशाने उतरण्याचे ठिकाण. त्यावरून वाटेच्या एका दिवसाच्या टप्प्याला मजल म्हटले गेले आणि घराच्या एकावर एक चढवलेल्या थराला मजला. खालापूर तालुक्यात, पनवेलहून खोपोलीकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेल्या चौक या गावाच्या जुन्या पेठेचा विचार करताना हे विसरलेले नाते पुन्हा जुळवून पाहण्यासारखे आहे, कारण अशा पेठेत मजल आधी येते आणि मजला तिच्या मागून चढतो. मजल हलली की मजला रिकामा पडतो, आणि रिकाम्या मजल्याचे कोकणातल्या पावसात काय होते हे निराळे सांगावे लागत नाही.

गावाची जागा पाहिली तर मजल येथेच का पडली हे कळते. उत्तरेला माथेरानचा डोंगर, वायव्येला इर्शाळगड आणि त्यामागे प्रबळगड, नैर्ऋत्येला माणिकगड, आणि मधल्या सखल पट्ट्यातून बंदराकडून घाटाकडे जाणारी वाट. पनवेलच्या खाडीत मुंबईहून गलबते लागत, तेथे माल उतरे आणि पुढे बोरघाटाच्या पायथ्याला, म्हणजे खोपोलीला, पोचण्यासाठी ओझ्याच्या बैलांना दोन दिवस लागत. लादलेला बैल दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडे चालवला तर तो दुसऱ्या दिवशी उठत नाही, हे बैलवाल्यांचे गणित. आणि पनवेल ते खोपोली या वाटेवर चौक साधारण मधोमध येते. शिवाय कर्जतकडून येणारी वाट येथेच मिळते. मीठ, सुकी मासळी, नारळ, कापड वर जाई. गूळ, धान्य, तूप, पुढे कापूस खाली येई. या सगळ्याला एक रात्र काढायला जागा लागे, बैलांना पाणी आणि वैरण लागे, तुटलेल्या दोराला दोर आणि निखळलेल्या नालाला नाल लागे. पेठ म्हणजे या गरजांची ओळीने लागलेली दुकाने. शहरातल्या पेठा बहुधा कोणी सरदाराने वा राज्यकर्त्याने नाव देऊन, सवलती देऊन वसवलेल्या असतात. मजलेची पेठ बैलांच्या दमाने वसते.

या वाटेचे महत्त्व व्यापाऱ्यांइतकेच सैन्यांनाही ठाऊक होते. १७७८ सालच्या अखेरीस इंग्रजांची फौज पनवेलला उतरून याच वाटेने घाटावर चढली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला तिला शरण जाऊन तह करावा लागला. दोन वर्षांनी इंग्रजांचा जनरल गॉडार्ड त्याच घाटाशी येऊन बसला, तेव्हा मराठ्यांचे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याच्याशी थेट भिडण्याऐवजी पनवेलहून येणारी त्याची रसद तोडण्यावर जोर दिला. १७८१ च्या एप्रिलमध्ये गॉडार्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली आणि त्या माघारीत त्याची मोठी हानी झाली. गावाची ओळख सांगताना मात्र पहिले नाव शिवकाळातले, सरनौबत नेताजी पालकर यांचे घेतले जाते (सरनौबत म्हणजे घोडदळाचा सेनापती), कारण ते मूळचे चौकचे अशी परंपरा आहे. शूराच्या नावाने गाव ओळखले जाणे स्वाभाविक आहे. तरीही ज्या वाणी-उदमी, तेली, कासार, लोहार मंडळींनी दोन-तीन शतके गाव प्रत्यक्ष चालवले, त्यांच्या घरांकडे त्या मानाने फारसे कोणी पाहिलेले नाही. आणि इमारतींच्या दृष्टीने चौक त्यांचेच आहे.

१८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि बैलाच्या पाठीवरचा माल बैलगाडीत आला. हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. पाठीवरच्या गोण्या उतरवायला अंगण पुरते. गाडीला मात्र वळायला रुंदी लागते, सोडलेल्या गाड्यांना तळ लागतो, आणि गाडीतून माल उतरवायचा तर गाडीच्या तळाशी जुळेल अशा उंचीचा ओटा लागतो. जुन्या वाटेवरच्या पेठांतले ओटे रस्त्यापासून इतके उंच का, या प्रश्नाला पावसाचे पाणी हे एक उत्तर आहेच, परंतु बैलगाडीच्या साट्याची उंची हे दुसरे, आणि तेही तितकेच खरे उत्तर मानायला हवे. ओट्याच्या कडेचा घडीव दगड आजही जेथे शाबूत असेल तेथे त्याची धार मधल्या भागात गोलावलेली आढळते. गोणी ओढताना तिचा भार जेथे येई, तेथेच ती झिजलेली असते.

अशा पेठेतून पायी फिरणाऱ्याने घराकडे समोरून पाहायला शिकले पाहिजे. येथील घर 'खणां'त मोजतात. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच-सहा फुटांचे, आणि ते ठरते कोणा शिल्पकाराच्या कल्पनेने नव्हे तर मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीने आणि त्यावर येणाऱ्या कौलांच्या वजनाने. रस्त्याकडची जागा मोलाची, म्हणून घर रुंदीला तीन खण आणि खोलीला कितीतरी अधिक: पुढे ओटा आणि पडवी, त्यामागे दुकान किंवा ओसरी, मग काळोखे माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि शेवटी परसू, जेथे विहीर, गोठा आणि शेवग्याचे झाड. शेजारच्या दोन घरांमध्ये दीड-दोन हाताची सांदी सोडलेली असते. तिच्यातून दोन्ही छपरांच्या पागोळ्यांचे पाणी वाहून जाते आणि तिच्यावरूनच पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात. ओट्यावर जो बसतो तो रस्त्याचा, माजघरात जो येतो तो घरचा. आणि या दोहोंमधल्या उंबऱ्यावर व्यवहार होतो.

दुकानाच्या उंबऱ्यापाशी थोडे थांबावे. जुन्या दुकानांना दार नसते, फळ्या असतात. उंबऱ्याच्या लाकडात आणि वरच्या पट्टीत लांबट खाच कोरलेली असते. तीत वीतभर रुंदीच्या सागवानी फळ्या एकीशेजारी एक सरकवून दुकान बंद करतात आणि शेवटच्या फळीवर लोखंडी आडवी पट्टी घालून कुलूप लावतात. प्रत्येक फळी आपल्याच जागी नीट बसते, कारण ती त्या जागेपुरतीच रंधलेली असते. म्हणून फळ्यांवर आतल्या बाजूने १, २, ३ असे आकडे रंगवलेले किंवा छिन्नीने पाडलेले असतात. सकाळी फळ्या काढून त्या दुकानातच भिंतीशी उभ्या करायच्या आणि संध्याकाळी आकड्यांप्रमाणे परत लावायच्या. पत्र्याचे गुंडाळते शटर आल्यापासून ही क्रिया दोन सेकंदांची झाली, आणि त्याबरोबर दुकान उघडणे ही रस्त्याने हळूहळू पाहण्याची गोष्ट राहिली नाही. फळ्या काढता काढता दुकानदार समोरच्याशी बोलत असे. शटरच्या खडखडाटात बोलणे होत नाही.

वर पाहिले की माडी दिसते. हाच तो मजला. तो पूर्ण उंचीचा क्वचित असतो. पुष्कळदा छपराच्या उतारात बसवलेला, कडीपाटावर टाकलेला असतो. कडीपाट म्हणजे तुळयांवर ओळीने मांडलेल्या लाकडी कड्या आणि त्यांच्यावर ठोकलेल्या फळ्या. खालच्या खोलीचे ते छत आणि वरच्या खोलीची ती जमीन. या माडीवर धान्य, मिरची, गूळ ठेवत, कारण जमिनीवरच्या ओलीपासून ते दूर राही, आणि मुक्कामाचा व्यापारी, आडत्या, कारकून तेथेच पथारी टाकी. रस्त्याच्या बाजूला एक बुटकी खिडकी, तिला लाकडी गज, आणि खाली वाकून पाहिले तर अख्खी पेठ नजरेत येईल अशी तिची जागा. गाड्या येत होत्या तोवर ही माडी कमाईची होती.

गाड्या थांबायला फार वर्षे लागली नाहीत. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वे कल्याणहून नेरळ, कर्जत करत खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. रूळ माथेरानच्या डोंगराच्या पूर्वेकडून गेले, चौक पश्चिमेकडच्या वाटेवर राहिले. पनवेलचे बंदर, त्यामागची गाडीवाट आणि तिच्यावरची मजल या तिन्ही गोष्टी एका दशकात बाजूला पडल्या. माथेरानच्या बाबतीतही चौकच्या पदरी हेच आले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम १८५० च्या मे महिन्यात चौकला होता. तेथूनच ते वन ट्री हिलच्या बाजूने माथ्यावर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले, आणि इंग्रजांच्या लेखी माथेरानचा 'शोध' लागला. (डोंगरावर राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना तो हरवलेला कधीच नव्हता.) पुढे थंड हवेचे ठिकाण उभे राहिले, बंगले आले, तेव्हा वर जाण्याची मुख्य वाट नेरळची झाली, कारण रेल्वे नेरळला होती, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने दोन फूट रुंदीच्या रुळांवरून नेरळ-माथेरान गाडी चालू केल्यावर तर प्रश्नच उरला नाही. चौकच्या वाट्याला माथेरानच्या दक्षिण टोकावरचे एक नाव तेवढे आले, चौक पॉइंट, जेथून पर्यटक खालचे गाव पाहतात.

कागदपत्रांच्या बाबतीतही गाव असेच दोन ठिकाणी विभागले गेले आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, नंतर तो कुलाबा जिल्ह्यात गेला. खालापूर हा आधी कर्जतचाच भाग, पुढे स्वतंत्र तालुका झाला. आणि कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्यामुळे एखाद्या घराचा मागोवा घेणाऱ्याला जुने दप्तर एका जिल्ह्याचे आणि नवे दुसऱ्याचे असे पाहावे लागते.

येथे एक मत तपासून पाहण्यासारखे आहे. वाहतुकीपासून बाजूला पडलेले गाव जुन्या रूपात टिकते, असे स्थापत्याचे अभ्यासक पुष्कळदा सांगतात आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या स्टॅमफर्डचा दाखला देतात. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्यांच्या हमरस्त्यावरचे ते मुक्कामाचे गाव. रेल्वेची मुख्य वाट पीटरबरोवरून गेली, स्टॅमफर्डची वाढ खुंटली, आणि खुंटली म्हणूनच त्याच्या दगडी गल्ल्या जशाच्या तशा राहिल्या, इतक्या की १९६७ साली इंग्लंडमधले पहिले संवर्धन क्षेत्र म्हणून त्याची निवड झाली. चौकच्या गोष्टीचा आरंभ हुबेहूब हाच आहे, शेवट मात्र नाही, आणि फरक करणारी गोष्ट आहे छप्पर. चुनखडीच्या दगडाचे घर दुर्लक्षावर पन्नास वर्षे काढू शकते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे लाकूड-कौलांचे घर दहा पावसाळेही काढत नाही. जुनी नळीची कौले, म्हणजे कुंभाराने चाकावर नळी काढून ती उभी चिरून केलेली अर्धगोल कौले, दर उन्हाळ्यात शाकारावी लागत: सगळी उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा तपासायच्या, कुजका बांबू बदलायचा आणि पुन्हा ओळीने चढवायची. माथेरानच्या पायथ्याच्या गावांत माकडे हे काम वर्षातून दोनदाही करायला लावतात. ज्या घरात वैशाखात छपरावर चढणारा माणूस आहे ते घर उभे राहते. वाट हलली की मुले मुंबईला जातात, आणि छपरावर चढणारे पहिल्यांदा कमी होतात. पाणी आधी भिंतीच्या माथ्यात शिरते, मग तुळईच्या टोकात, आणि तुळईचे टोक कुजले की माडी खाली येते. बाजूला पडणे गावाला वाचवते ते घरात कोणी राहिले तरच.

विसाव्या शतकात ही मजल काही काळ परत आली. मोटारी आल्या आणि मुंबई-पुणे रस्ता पुन्हा पनवेल-खोपोली मार्गे धावू लागला. १९७३ साली वाशीजवळ ठाणे खाडीवर पूल झाला तेव्हा मुंबईहून पनवेलला येण्यासाठी ठाण्याचा वळसा उरला नाही आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वरची वर्दळ कैक पटींनी वाढली. परंतु मोटारीची मजल बैलाच्या मजलेसारखी नसते. मोटार चौकला रात्र काढत नाही, फार तर चहा पिते, आणि तोही पेठेत नव्हे तर फाट्यावर. अशा गावांचा दर्शनी भाग मग जुन्या गल्लीतून हमरस्त्याच्या फाट्याकडे सरकला. पंक्चरवाला, वडापावची गाडी, सिमेंटचे गाळे तिकडे गेले. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर लांबच्या गाड्या तिकडे वळल्या आणि फाट्यालाही पेठेचा अनुभव थोडाफार येऊन गेला. आता पनवेल-कर्जत लोहमार्गावर चौक हे स्थानक आहे, आणि उपनगरी गाड्यांसाठी आखलेल्या नव्या पनवेल-कर्जत मार्गावरच्या पाच स्थानकांतही त्याचे नाव आहे. त्यासाठी वावर्ले येथे अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा खोदला गेला. जी रेल्वे १८५६ साली डोंगराच्या पलीकडून निघून गेली ती दीडशे वर्षांनी डोंगर फोडून आली आहे. लोकल येईल तेव्हा मजल अर्ध्या-पाऊण तासाची होईल, आणि मजले पाच-सात होतील.

जुन्या इमारतींचे वय सांगताना एक ढोबळ चूक वारंवार होते, तिचा येथेच उल्लेख केलेला बरा. मंगळूरी कौलांचे घर पाहिले की कौल उलटे करून त्यावरचा छाप वाचला जातो, आणि त्यावर १८६५ हा आकडा असला की घर त्या सालचे ठरवले जाते. वास्तविक तो आकडा बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला त्या वर्षाचा आहे. तो छाप असलेली कौले पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. घराचे वय कौलावर वाचू नये, जोत्यात आणि खांबाच्या बुंध्यात वाचावे. नळीची कौले उतरवून मंगळूरी कौले चढवणे ही पुष्कळ घरांच्या आयुष्यातली मधली घटना आहे: जुनी कौले नुसती टेकवलेली असत, नव्यांना ठरावीक अंतरावर रिपा लागतात, म्हणून छपराचा सांगाडा बदलला जातो, उतार बदलतो, आणि खालचे खांब मात्र तेच राहतात. खांबाच्या अंगावर आज रिकामी असलेली खाच दिसली, जिच्यात काहीही बसत नाही, तर ते घर एकदा वेगळ्या उंचीचे होते असे खुशाल समजावे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. जुने म्हणजे दगडी, लाकडी, कोरीव असे धरले की परिसरातल्या सर्वांत जुन्या घरबांधणीकडे नजर जात नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर, हे ठाकर आणि कातकरी वाड्यांचे घर. ते दर काही वर्षांनी नव्याने बांधले जाते, त्यामुळे त्याच्यावर वयाची खूण राहत नाही, आणि खूण नाही म्हणून ते कोणत्याही वारसा-यादीत बसत नाही. पेठेतल्या माजघरांच्या आतल्या भिंतीही पुष्कळदा याच कुडाच्या असतात हे पाहिले म्हणजे पेठ आणि वाडी यांतले अंतर वाटते तितके राहत नाही. अशाच वाड्यांपैकी एक, इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौकजवळ पक्की वसाहत बांधली. त्या घरांना ओटा कसा असावा, शेळी कोठे बांधावी, भात कोठे साठवावे, हे प्रश्न स्थापत्याचेच आहेत, आणि डोंगरावर त्यांची उत्तरे कूडच देत होता.

कायद्याने पाहिले तर चौकसारख्या पेठेला फारसा आधार नाही. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा किल्ला, लेणे, देऊळ यांसाठी आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियम आहेत, पण ते महानगराचे. डोंगरावरचे माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पायथ्याच्या गावठाणातल्या तीन खणी घराला मात्र यांतली कोणतीच चौकट लागू होत नाही. गावठाण म्हणजे गावातली वस्तीची जागा, जिची शेतजमिनीसारखी मोजणी पुष्कळ ठिकाणी कधी झालीच नव्हती. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी वहीत, कर भरण्यापुरती. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊ लागली आणि मालमत्तापत्रके मिळू लागली, ही मालकीच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. ड्रोनला वरून दिसते ते छप्पर. छपराची वळचण पुढे आलेली असते आणि ओटा तिच्या सावलीत असतो, म्हणून ओटा घराचा की रस्त्याचा हे त्याला वरून ठरवता येत नाही. यावर उपाय म्हणून उड्डाणाच्या आधी जमिनीवर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, मिळकतीच्या हद्दी आखतात. ज्या चुन्याची घाणी फिरवून एके काळी ओट्याचे जोते बांधले गेले, त्याचीच पांढरी रेघ आता ओट्याच्या बाहेरून किंवा आतून ओढली जाते, आणि ती कोठून ओढावी याविषयी मोजणीच्या सकाळी शेजारीशेजारी सांदीत उभे राहून वाद घालत असतात.